साध्या पाण्यातला लाल

खाण्याचे रंग बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात तिला सगळे लालमावशी म्हणत. बावीस वर्षं बीट सोलून, किसून तिची नखं कायमची लालसर झाली होती. साबणाने ती लाली जात नसे, आणि तिनेही घासायचं कधीच सोडून दिलं होतं.

पूर्वी किसाचा रंग स्पिरिटमध्ये उतरवत. त्या कोंदट खोलीत तिची धाकटी बहीणही कामाला होती. वाफेने डोकं भणभणायचं, घास घशाखाली उतरायचा नाही. एके दिवशी बहीण पिंपाशेजारीच कोसळली. बरी झाली, पण पुन्हा तिथे पाय ठेवला नाही. मावशी मात्र जात राहिली. दोघींनीही घरी बसून कसं भागणार?

मग केमिस्ट मॅडम आल्या, वयाने लेकीसारख्या. म्हणाल्या, "मावशी, हा रंग पाण्यातही उतरतो. स्पिरिट हवंच कशाला?"

"उतरतो हो. पण दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल होतो," मावशी म्हणाली. तिला कौतुक वगैरे काही वाटलं नाही. आता पिंपं दुप्पट धुवावी लागणार, एवढंच मनात आलं.

झालंही तसंच. पाणी जास्त तापलं की रंग विटकरी, कमी तापलं की आंबूस वास. सात महिने पिंपामागून पिंप ओतून द्यावं लागलं. मालक दारात येऊन ओतलेली पिंपं मोजत आणि निघून जात. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. मावशीचे गुडघे कुरकुरायला लागले.

"ताई, सोड ना आता," घरी बहीण म्हणायची.

"सोडते गं, सोडते," म्हणत ती सकाळी डबा उचलायचीच.

एकदा किसाचा ढीग हलवताना तिचा हात थांबला. वरचा थर काळवंडला होता, आतला लालभडक होता.

"मॅडम, पाणी तापवायचं नंतर बघू. किस हवेत उघडा पडतोच कशाला? सरळ लिंबाच्या पाण्यातच किसू या."

किसलं. थोडंसंच कोमट केलं, बारीक जाळीतून गाळलं. चोथा जवळच्या गोठ्यात गेला. शेल्फावरची बाटली चाळीस दिवसांनंतरही तशीच लाल होती. मॅडमनी तिला मिठीच मारली. "अगं, पडेन मी," मावशी पुटपुटली.

स्पिरिटची खोली बंद झाली. परत कामाला येतेस का, असं तिने बहिणीला विचारून पाहिलं, पण ती म्हणाली, "कारखाना सुधारला असेल गं ताई, माझी धडकी नाही गेली." मावशीने पुन्हा विषय काढला नाही.

नव्या बायकांना शिकवायचं काम मालकांनी तिच्यावर सोपवलं.

"शिकवते, पण बसून," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी खुर्ची आली. पहिल्या आठवड्यात ती दोनदा खुर्चीतच पेंगली. तिला जाग येऊ नये म्हणून बायका आवाज न करता बीट किसत राहिल्या.