कागदावरची दोन वर्षं

पळण्याचा पगार मिळतो, हे मला पहिल्यांदा पी.टी.च्या सरांनी सांगितलं. २०१६ साल, तलासरीकडच्या आश्रमशाळेत मी आठवीत. सर म्हणाले, चौदा वर्षांखालच्या निवड चाचणीत पहिली आलीस तर क्रीडा वसतिगृहात जाशील. खाणं, शिकवणं सगळं त्यांचं. पुढे राज्य, मग देश, मग रेल्वेत नाहीतर पोलिसात खेळाडू म्हणून नोकरी. म्हणजे काम काय, तर पळायचं! मला हसूच आलं. कैनाडला आमच्या पाड्यावर कुणी पळालं तर आधी विचारतात, काय झालं, कोण गेलं?

मी एकटीच पळायचे. पहाटे शाळेमागच्या बांधापासून हायवेच्या पुलापर्यंत आणि परत. ताई आणि मी एकाच दिवशी शाळेत दाखल झालो होतो, एकाच वर्गात. पण शेतावर आईला हात हवा म्हणून पाचवीतच तिला घरी नेलं. त्यानंतर माझं कुणाशी जमलं नाही. मी तोंडाळ. मुली म्हणायच्या, हिच्याशी बोलण्यापेक्षा खांबाशी बोललेलं बरं. म्हटलं, बोला खांबाशी. पण ताईची आठवण यायची, फार यायची. पळताना जरा कमी यायची, म्हणून पळायचे.

चाचणी तलासरीला झाली. सहाशे मीटर. हो, पायात बूट होते. अनवाणी पोरीची गोष्ट ज्यांना हवी त्यांनी दुसरीकडे जावं. मी पहिली आले, दुसरी बरीच मागे होती. मग कागद तपासणाऱ्या बाईंनी माझा दाखला हातात घेतला आणि सरांना जवळ बोलावलं.

जन्मतारीख एक जून. ती तर निम्म्या शाळेची तीच. ज्याची तारीख घरच्यांना ठाऊक नाही, त्याला गुरुजी दाखल करताना एक जून लिहायचे. घोळ सालाचा होता. माझ्या नावापुढे ताईचं साल होतं, आणि ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. खरी बारा वर्षांची मी, कागदावर चौदा ओलांडून बसले होते. सर पुष्कळ बोलले. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, जन्माची नोंद आणा, आठ दिवस थांबते.

नोंद कुठून आणणार? माझा जन्म घरातला, आणि सुईण कधीच वारलेली. ग्रामपंचायतीच्या वहीत त्या साली आमच्या पाड्यावरचं एकही मूल नव्हतं. सर मला घेऊन डहाणूच्या कचेरीतही गेले, तिथेही काही निघालं नाही. आठ दिवस संपले आणि दुसऱ्या नंबरची मुलगी वसतिगृहात गेली. सर म्हणाले, सोळाखालच्या गटात पळून बघ. त्या थोराड मुलींमध्ये पळाले, सातवी आले. त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही.

सगळा राग बाबावर होता, आम्हा दोघींना शाळेत घालायला तोच आला होता. एका फेरीत दोन पोरी उरकल्या, साल कुठलं ते बघितलंसुद्धा नाही, असं मी मनात घोळवत राहिले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. तिथे आईसमोर, ताईसमोर मी त्याला वाट्टेल ते बोलले. तुझ्यामुळे माझं आयुष्य गेलं, इथपर्यंत.

बाबानं हातातली पेंढी खाली ठेवली.

"ताईला सोडायला निघालो, तर तू मागं पळत आलीस," तो म्हणाला. "घरी आणून सोडली, तरी परत पळत आलीस. गुरुजी म्हणाले, ही लहान आहे, घेता येत नाही. तू तिचा हात सोडीनास. नुसती रडत होतीस. मग मीच म्हटलं, दोन वर्षं वाढवून लिवा."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी ताईकडे बघितलं. ती सुपातला भात पाखडत होती. वर न बघताच म्हणाली, खरं आहे.

बाबा पुन्हा झोडायला लागला. मी खळ्याच्या कडेला बसून राहिले. इतके दिवस शाळेत माझ्यासोबत निदान त्याच्यावरचा राग तरी होता. त्या दुपारी तोही गेला.