मोफत जागांचं पान

दीपाली काय काम करते, असं कोणी विचारलं की तिची आई हिराबाई ‘कॉम्प्युटरमदी हाय’ एवढं सांगून विषय संपवायची. तिचा तरी काय दोष? कोप्पीकर रोडवर कापडाच्या दुकानाच्या माडीवर सुधींद्र सरांचं छोटं ऑफिस, आणि तिथं बसून ही पोरगी वेबसाइटचा सांगाडा ठरवते, हे गल्लीतल्या बायकांना सांगून पटलं असतं थोडंच. कुठलं पान कशाच्या पोटात जाईल, वरच्या पट्टीवर कोणते शब्द येतील, माणूस कुठून शिरेल आणि हवं ते सापडेपर्यंत त्याला किती भटकावं लागेल, हे सगळं आधी कागदावर मांडायचं. काम नीट जमलं तर त्याचं कोणी नावही काढत नाही.

दीपालीची मांडायची रीत साधी होती. प्रत्येक पानाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि ज्यांच्यासाठी वेबसाइट आहे त्यांनाच त्या लावायला सांगायच्या. एका शिक्षणसंस्थेचं काम आलं तेव्हा तिनं गल्लीतल्या मुली घरी बोलावल्या. त्यात मागच्या घरातली राणी होती, पीयूसीला, म्हणजे बारावीला शिकणारी. तिची आई दुर्गव्वा अमरगोळच्या मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. संस्थेच्या नर्सिंग कॉलेजात मजुरांच्या मुलींसाठी काही मोफत जागा असतात, हे राणीला त्या चिठ्ठीवरूनच समजलं. तिनं ती चिठ्ठी उचलली आणि सगळ्यांच्या वर ठेवली. बाकीच्या मुलींनी तिची चेष्टा केली, पण दीपालीनं ते पान खरोखर वरच्या पट्टीत बसवलं. मग राणीच्या फोनवर त्याचा पत्ता पाठवून म्हणाली, “पीयूसी झालीस की हे रोज उघडून बघायचं. अर्ज सुरू झाले की इथंच येणार. दुसरीकडं कुठं जायची गरज न्हाई.”

राणी पास झाली, मार्कही चांगले पडले. आणि नेमकी त्याच सुमाराला संस्थेच्या अध्यक्षांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली.

झालं, अमृतमहोत्सव आला. संस्थेची माणसं पिढीजात दुकानदार, पैशाला चोख, बोलायला गोड. पण व्यासपीठावर कुणाची खुर्ची कुणाशेजारी, यावरून त्यांच्यात दर वर्षी रुसवेफुगवे होत. आता ते वेबसाइटवर आले. प्रत्येक संचालकाला वरच्या पट्टीत स्वतःचं नाव हवं, आणि तेही शेजारच्याच्या आधी. पट्टीत जागा ती किती असणार? मग प्रवेश खाली गेला, वसतिगृह गेलं, आणि मोफत जागांचं पान ‘आमची संस्था’मधल्या ‘समाजकार्य’मधल्या ‘योजना’मध्ये जाऊन पडलं.

“सर, मुली प्रवेशासाठी येतात, फोटो बघायला नाही,” दीपाली सभेत म्हणाली.

संस्थेचे सेक्रेटरी हसले. “अहो मॅडम, ज्याला गरज असते तो शोधतोच की.”

असं बोलायला गरज नसलेलाच माणूस लागतो.

तरी तिनं एक गोष्ट धरून ठेवली होती. पान हलवलं की जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या जागी पोचवायची सोय करावी लागते. घर बदललेला माणूस जुन्या दारावर पाटी लावून जातो, तशी. सेक्रेटरींना तीही नको होती. महिनाभर कुठल्याही जुन्या पत्त्यावरून कोणीही येवो, त्याच्यासमोर आधी अध्यक्षांच्या सत्काराचं पान उघडायला हवं, असा त्यांचा हट्ट. दीपाली सुधींद्र सरांकडे गेली. ते डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाले, “महिन्याचा तर प्रश्न आहे. गिऱ्हाईक मोठं आहे आपलं.” घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. तिनं सेक्रेटरींच्या मनासारखं करून दिलं.

राणीची आठवण तिला झाली नाही असं नाही. पण अर्ज नेहमी जुलैत सुटतात, तोवर महिना सरेल आणि पाटी लावता येईल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. त्यात फोटोंचा ढीग येऊन पडला. हारांचे, शालींचे, हसणाऱ्या संचालकांचे फोटो ती दिवसभर चढवत राहिली.

महिना संपल्यावर कुठलं पान किती जणांनी बघितलं याचे आकडे संस्थेला पाठवायला ती बसली. सत्काराचं पान तुफान चाललं होतं. मोफत जागांच्या पानावर ऑफिसच्या आणि कॉलेजच्या माणसांखेरीज कोणी फिरकलं नव्हतं. तिनं ते उघडलं. यंदा अध्यक्षांनी त्या जागा समारंभाच्या भाषणातच जाहीर केल्या होत्या, त्यामुळं अर्ज लवकर सुटले होते आणि मुदत संपलीही होती. कॉलेजच्या क्लार्कनं तारखा परस्पर भरल्या होत्या. समारंभाला दीपालीला कोणी बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी तिला गल्लीच्या तोंडाशीच दिसली. डोक्याला जुनी ओढणी बांधून आईबरोबर टमटमची वाट बघत उभी होती. यार्डात कांदा निवडायला निघाली होती.

“राणी, तू बघत नव्हतीस का गं?”

“रोज बघत होते की, अक्का. सकाळी उठलं की पहिलं तेच. सत्काराचे फोटो यायचे. मला वाटलं, समारंभ झाल्यावर सुटतील जागा.”

“मला विचारायचं तरी.”

“तुम्ही कामात होता. ते फोटो तुम्हीच लावलेत म्हणून हिराबाईमावशी सगळ्यांना सांगायच्या. मी सगळे बघितले.” मग तिनं विचारलं, “सुटल्या काय जागा?”

दीपालीनं सांगितलं. राणीनं ओढणीची गाठ घट्ट केली. दुर्गव्वानं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि उलट दीपालीलाच म्हणाली, “होगलि बिडव्वा. जाऊ दे. तू काय करणार?” यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर दीपालीला बरं वाटलं असतं. टमटम आली आणि दोघी चढून गेल्या.

ऑफिसात पोचताच दीपालीनं कॉलेजला फोन लावला, हातापाया पडून बघितलं. अर्जच आले नाहीत म्हणून त्या जागा पैसे भरणाऱ्यांना देऊन झाल्या होत्या. दुपारी सेक्रेटरींचाच फोन आला. आवाज खुशीत होता.

“मॅडम, ते मोफत जागांचं पान काढूनच टाका. आम्ही पुढच्या वर्षीपासून ती योजनाच बंद करतोय. आकडे बघितले ना? कोणी बघतच नाही हो.”

“सर, एक मुलगी रोज बघत होती.”

“मग तिनं अर्ज का नाही केला?”

दीपालीला उत्तर माहीत होतं. जुना पत्ता तिनंच सत्काराच्या पानाकडं वळवला होता. समोरच्या टेबलावरून सुधींद्र सर मान वर करून तिच्याकडे बघत होते.

“काय मॅडम? ऐकू येतंय ना?”

“काढते, सर,” ती म्हणाली.