पाच डोंगरांचा पास

"आधी आडवू, मग सोडू," असं म्हणूनच मामा कुठलीही वस्तू हातात घ्यायचे.

चाकणला आमच्या कारखान्यात ते, सगळ्यांचेच मामा, मालाच्या तपासणीला होते आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. भोक पाडलेला भाग समोर आला की मामा त्यात गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायची दांडी, घालायचे. या गेजला दोन टोकं असतात. एक आत गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. दोन्ही गेली तरी माल बाद, दोन्ही अडली तरी बाद. एक गेलं आणि एक अडलं, तरच मामांच्या तोंडून "पास" निघायचं. तेही असं जपून, की पहिल्या दिवशी मला वाटलं यांचा घसा बसलाय.

तुमच्याही कंपनीत असा एखादा मामा असेलच. गाव जवळचंच, घरची जमीन कारखान्यांच्या शेडांखाली गेलेली, आणि हट्ट असा की साहेबसुद्धा वळसा घालून जायचे. मी नवी गाडी घेतली, पेढे वाटले. सगळ्यांनी विचारलं, अॅव्हरेज किती देते? मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पळती, ते ठीक हाय. थांबती का?" मला असा राग आला! पण संध्याकाळी गुपचूप ब्रेक तपासून घेतले, ते काही त्यांना सांगितलं नाही.

"आमच्या हिनं आजपातूर काय मागितलं न्हाई," असं ते मामींबद्दल अभिमानानं सांगायचे. मी एकदा तोंडावर म्हणालो, "मामा, तुम्ही कधी विचारलंत का?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग मामींच्या डोळ्यांचं निघालं. पडद्याचा आजार. डॉक्टर म्हणाले, समोरचं दिसणं हळूहळू जाईल, कडेचं तेवढं राहील. किती दिवसांत, ते नक्की सांगता येत नाही. पण पुढचा हिवाळा धरून चालू नका. त्या दिवशी घरी येऊन मामांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "आगं, तुला काय बघायचंय?" मामींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडं बोट केलं. एका सप्लायरनं दिलेलं कॅलेंडर, वर बर्फाचा डोंगर. "अवं, ते खरंच येवढं पांढरं आसतं का?"

ही गोष्ट सांगताना मामांनी तीनदा चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

पुढच्याच रविवारी त्यांनी मला वाकडच्या एका मॉलमध्ये ओढून नेलं. "विंग्रजी बोलत्यात. तू हवास." तिथं एक ट्रॅव्हल क्लब पास विकत होता. हिमालयातली बर्फाची पाच ठिकाणं, त्या पाचही ठिकाणी एकच पास. हिवाळाभर कुठंही जा, कितीदाही जा. राहणं आलं, रोपवे आला, बर्फावर घसरायचं सामानसुद्धा आलं. गारठलेल्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, कुणी सही केली की घंटा वाजायची आणि सगळे टाळ्या पिटायचे. मामी मामांच्या शेजारी पर्स धरून बसल्या होत्या. समोरचा नीट दिसावा म्हणून मान जराशी तिरकी करायच्या.

"सर, हा पास म्हणजे," कोटवाल्या विक्रेत्यानं सुरुवात केली.

"कुणी केला पास?" मामा.

"अं? नाही सर, पास म्हणजे पास."

"त्येच इचारतोय. तपासला कुणी?"

मला हसू आवरेना. विक्रेता मात्र घामाघूम. शेवटी त्यानं ठेवणीतलं काढलं, "सर, ऑफर आत्तापुरतीच आहे. खुर्चीवरून उठलात की संपली."

मग मात्र माझं डोकं फिरलं. पासची किंमत मी पाहिली होती. मामांना खुर्चीतच माझ्याकडं वळवलं आणि म्हणालो, "मामा, उठा. तीनदा गेलात तरच हा परवडतो. तुमची रजा उरलीय नऊ दिवस. त्यात एकदा जाऊन याल तरी पुष्कळ. एकाच ठिकाणचं साधं बुकिंग करा ना! पाच डोंगर घेऊन काय चुलीत घालायचेत?"

मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विक्रेत्याला विचारलं, "समजा, एका जागी बर्फच न्हाई. मग?"

"मग दुसरीकडे जा सर, ह्याच पासवर."

"तिथंबी न्हाई?"

"तिसरीकडे."

"बर्फ पडंलच, असं लिवून देता?"

"ते कसं देणार सर? निसर्ग आहे."

मामा मला म्हणाले, "ऐकलंस? राव, आमाला पाच येळा जायचंच न्हाई. एकदाच जायचंय. पण चुकाय नको." आणि त्यांनी सही ठोकली. घंटा वाजली. टाळ्या वाजवायला माझे हात उठले नाहीत. या माणसाला लुबाडलं, आणि मी शेजारी बसून ते होऊ दिलं, असंच मला वाटत होतं.

जानेवारीत दोघं निघाली. तिसऱ्या दिवशी मामांचा निरोप आला, "हितं न्हाई. नुसती थंडी." मग दीड दिवस बस, तिथं दोन दिवस वाट बघणं. "हितंबी चिखल हाय." तिसरं ठिकाण आणखी वर होतं. जाऊन यायला चार दिवस. आणि रजा उरली होती दोन दिवस. त्यात सोमवारी गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट, आणि तपासणीच्या टेबलावर मामाच पाहिजेत, असा साहेबांचा हुकूम.

साहेबांनी मलाच फोन करायला लावला. मी म्हणालो, "मामा, परत या. सोमवारी नाही आलात तर साहेब ठेवायचे नाहीत. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय, कशाला घालवता?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडून मामींचा आवाज आला, "अवं, खरंय त्येंचं. चला घरी. मी बघितलं समजा."

फोन कट झाला की काय, म्हणून मी दोनदा हॅलो हॅलो केलं.

"साहेबाला सांग," मामा म्हणाले, "मामा न्हाई येत."

सोमवारी मी त्यांच्या टेबलावर बसलो आणि सकाळभर त्यांना शिव्या घातल्या. दहा वाजताच साहेबांनी मामांच्या नावाचं, कामावरून काढल्याचं पत्र टाईप करायला सांगितलं. त्या पत्रानंतर मामा आमच्यात परत आले नाहीत, ते आत्ताच सांगून टाकतो.

जेवणाच्या सुट्टीत माझा फोन वाजला. मामांचा व्हिडिओ कॉल. अख्खं कॅन्टीन माझ्या खांद्यावर पडलं. "मामा, बर्फ दाखवा, बर्फ!"

चित्र हाललं, डुललं आणि थांबलं. पडदाभर मामींचा चेहरा. डोक्याला मफलर, नाक लाल, तोंड उघडं. त्या आमच्याकडं बघतच नव्हत्या. फोनच्या मागं जे काही होतं त्याच्याकडं बघत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मामा, फोन फिरवा की! बर्फ कुठंय?" कुणीतरी ओरडलं.

"त्यो काय, तुमाला कवाबी दिसंल," मामांचा आवाज आला. "हिच्याकडं बघा."

पास कशासाठी घेतला ते मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

"डोळं दिपत्यात वं," मामी म्हणाल्या.

"मग मिटून घे की जरा."

"न्हाई मिटायची," मामी म्हणाल्या.