ड्रायव्हरसाहेबांचा फेरा

हिंदमात्याच्या दुकानांत साडी निवडावी तसे मी एकदा टायर निवडले. काठ जितका रुंद तितकी साडी भारी, मग टायरचंही तसंच असणार, असा माझा हिशेब. पन्नाशी आली होती, पण अक्कल अजून वाटेतच कुठेतरी होती. दुकानदार बिचारा सांगत होता, तुमची पिकअप खाली बसवलेली आहे, एवढे रुंद टायर वळताना मडगार्डला घासतील, अरुंद घ्या. तो मला विटका माल गळ्यात मारतोय अशा नजरेने मी त्याच्याकडे पाहिलं. ड्रायव्हरसाहेबांनी टायरांकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "आवडलेत ना?" आणि त्याला म्हणाले, "हेच लावा."

ड्रायव्हरसाहेब म्हणजे आमचे हे. नाव घ्यायची सवय नव्हती, आणि नुसतं 'अहो' म्हटलं तर लालबागच्या आमच्या चाळीत अख्ख्या मजल्यावरचे पुरुष वळून बघत. म्हणून मी ठेवलेलं हे नाव. दादरच्या फुलबाजारातून ते देवळांना आणि हॉलना फुलं पोचवत. बोलणं मोजकं. कुठलीही गोष्ट मला विचारून करायची आणि ती फसली की स्वतःच्या नावावर घ्यायची, ही त्यांची खोड.

गाडी खाली बसवली तीही माझ्यापायीच. जिन्यात पडून माझा गुडघा गेला होता. पिकअपमध्ये चढायला मी लाकडी स्टूल खाली नेलं, तर यांनी ते उचलून परत स्वयंपाकघरात ठेवलं. "बायको गाडीत बसते, माळ्यावर नाही चढत," म्हणाले, आणि परळच्या मेकॅनिककडे जाऊन गाडी चांगली चार बोटं खाली आणली. लोक म्हणाले, आता माल कसा नेणार? हे म्हणाले, फुलांना कसलं आलंय वजन.

नव्या टायरांवर पहिल्यांदा आमच्या गल्लीत वळलो आणि चाकाकडून घर्र असा आवाज आला. मला खात्रीच पटली, दृष्ट लागली. शेजारणी टायर बघून गेल्याच होत्या. मी मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन बॉनेटवरून उतरवल्या, त्या निखाऱ्यावर टाकल्या आणि ठसका लागून स्वतःच अर्धमेली झाले. ड्रायव्हरसाहेब गंभीर चेहऱ्याने पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभे. हसले नाहीत. बायकोला हसायची एवढी सोन्यासारखी संधी कुठल्या नवऱ्याने सोडली असेल?

मग ते मेकॅनिककडे जाऊन आले. मी विचारलं, टायर बदलायचे का? तर म्हणाले, "नको. वळण आखडतं घेतलं की घासतं, एवढंच. आपण लांबून येऊ."

तेव्हापासून संध्याकाळी दादरला भाजी घेतली की परळवरून सरळ घरी न येता आम्ही प्रभादेवीकडे वळायचो, वरळीच्या समुद्रावरून फेरा मारून गल्लीत पलीकडच्या बाजूने शिरायचो. तिकडचं वळण ऐसपैस. आणि मी काय करायची? वाटभर कुरकुर. माझी मालिका चुकते, कोथिंबीर सुकते, डिझेल काय फुकट येतं? खिडकीबाहेर एवढा समुद्र, आणि बाईसाहेब मांडीवरच्या पिशवीत भेंड्या तपासतायत. ते काच खाली करून एवढंच म्हणायचे, "वारा घे जरा." टायर झिजले की पुन्हा तसेच रुंद आणायचे. मी ओशाळून म्हणायची, आता तरी अरुंद घ्या. ऐकायचे नाहीत.

ते गेले त्याला आता वर्ष होईल. या गुडघ्याने मी एकटी जिना उतरत नाही. कोथिंबीर दारात येते, ताजी. मालिका वेळेवर बघते, पण तिच्यातली एकही बाई मला ओळखीची वाटत नाही. चाळीत दिवसभर माणसांचे आवाज असतात, फक्त मला कोणी कुठे चला म्हणत नाही.

मुलगा नाशकाहून फोनवर म्हणाला, गाडी उभ्या उभ्या सडतेय, विकून टाकू. एका तरुण डेकोरेटरने ती घेतली. न्यायच्या दिवशी मी त्याला म्हटलं, बाबा, एकदा मला दादरला नेऊन आण. मनात समुद्र होता, तोंडाने दादर म्हटलं. या वयातही मेली लाज.

पोरगा भला. जाताना हळू चालवली, मी भाजी घेईपर्यंत थांबला. येताना मात्र तो सरळ हिंदमात्यावरून परळकडे निघाला. मी घाईने म्हटलं, अरे, इकडून नको, आमच्या गल्लीच्या वळणावर टायर घासतात, समुद्रावरून घे. तो मान हलवून हसला आणि तसाच पुढे गेला. परळ मागे पडलं. गल्ली आली. त्याने स्टिअरिंग पुरतं फिरवलं, मी दाराची कडी घट्ट धरून आवाजाची वाट बघत राहिले. गाडी गुपचूप आत वळली. मी खिडकीतून वाकून चाकाकडे पाहिलं, तेव्हा तो म्हणाला,

"आजी, कुठे काय घासतंय? मेकॅनिकने सांगितलं मला, मडगार्डची कड काकांनी टायर घेतले त्याच आठवड्यात आत वळवून घेतली होती. उगाच समुद्रावरून कशाला? हे बघा, आलं पण तुमचं घर."