जाळीवरचं कुंकू

माझं तोंड फटकळ आहे, हे जळगावच्या निम्म्या कारखान्यांना ठाऊक आहे. अपघात झाला की मला बोलावतात. कसा झाला ते शोधायचं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते सांगायचं, हे माझं काम. सांगून झालं की चहा देतात, मान डोलावतात, आणि बऱ्याचदा मी फाटकाबाहेर पडेपर्यंत विसरूनही जातात.

त्या डाळ मिलमध्ये मी गेले तेव्हा दसरा नुकताच झाला होता. झाडलोट करणाऱ्या एका बाईचा उजवा हात यंत्र फिरवणाऱ्या पट्ट्यात ओढला गेला होता. हात वाचला नाही. मनगटाच्या वरून काढावा लागला. यंत्रं बंद होती, आणि मोटरीवर झेंडूचा हार अजून तसाच होता. पट्ट्यावर जी लोखंडी जाळी असायला हवी, ती भिंतीला टेकून उभी होती. स्वच्छ पुसलेली, अगदी शहाण्यासारखी.

"जाळी कोणी काढली?" मी विचारलं.

मिलचे जुने फिटर पुढे आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. म्हणाले, खंडेनवमीला दरवर्षी काढतो. हळदकुंकू यंत्राच्या अंगाला लागायला हवं ना! "जाळीले कोन कुंकू लावस?" आणि एकदा घातलेला हार ओढून काढायचा नाही. वाळून आपोआप गळेपर्यंत राहू द्यायचा. जाळी बसवली तर फुलं चेंगरतात, म्हणून हार गळेपर्यंत जाळीही बाहेर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिल सुरू झाली ती तशीच.

मी कपाळावर हात मारला. दरवर्षी! म्हणजे इतकी वर्षं सगळे नशिबावर चालले होते.

शेठजी भले गृहस्थ. दवाखान्यात स्वतः जाऊन बसले होते. पण मला म्हणाले, "मॅडम, चालू पट्ट्याजवळ हात नेलाच कशाला तिनं? निष्काळजीपणाच म्हणायचा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "शेठजी, जाळी असती तर तिचा निष्काळजीपणाही जाळीवर आपटून परत आला असता. जाळी त्यासाठीच असते."

खरं तर तो निष्काळजीपणाही नव्हता. हाराचा दोरा एका बाजूनं सुटून पट्ट्याकडे लोंबत होता. देवाचा हार तुटेल, फुलं पायदळी येतील, म्हणून ती तो वर खोचायला गेली. तिच्याबरोबरच्या बायकांनी पाहिलं होतं. पण त्याच बायका डाळ निवडायला बसल्या की आपसांत वेगळंच कुजबुजत होत्या. मी जवळ गेले की तोंडाला कुलूप.

ते कुलूप हात गेलेल्या त्या बाईनंच उघडलं. ती पिंप्राळ्याला भाड्याच्या खोलीत राहते. मूळची शिंदखेड्याकडची, माझंही माहेर तिकडचंच, म्हणून माझ्याशी अहिराणीत बोलायला लागली. बांधलेला हात पदराखाली झाकून घेतलेला. आधी चहाचं विचारलं, मग कोण करणार हे लक्षात येऊन ओशाळली. मीच उठून चहा ठेवला. मी पाठमोरी असताना ती म्हणाली, "अक्का, चूक मनीच शे. माले त्या दिन अडचण व्हती. तरी बी मी देवना हारले हात लावा. देवी कोपनी."

कुजबूज ही होती तर! पाळी आलेली असताना तिनं हाराला हात लावला, म्हणून देवीनं हात घेतला. चहा उतू गेला, तरी मी तशीच उभी.

एवढ्या वर्षांत मी तुटलेली बोटं पाहिली, भाजलेली पाठ पाहिली. रडले नाही. त्या दिवशी रडले, आणि रडता रडता तिच्यावरच ओरडले. "अगं, कुठली देवी? जाळी नव्हती! जाळी असती तर तुझा हात असता!" तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. माझं मन राखायला मान हलवली. नंतर कळलं, घरातल्या देवांपुढे तिनं दिवा लावणंसुद्धा सोडलं होतं. एक तर विटाळाचं पाप, आणि उरलेला हात डावा. डाव्या हातानं देवाचं कसं करायचं?

हात गेला तो गेला. पण आपल्याच पापानं गेला असं समजून तिनं उरलेलं आयुष्य काढायचं, हे मला बघवेना. माझ्या सांगण्याचा उपयोग नव्हता. मी शिकलेली, बाहेरची. म्हणून नानांना गाठलं आणि म्हटलं, चला, तिला तुम्हीच सांगा. ते काहीबाही कारणं सांगत टाळत राहिले. शेवटी एका दुपारी आपणहून माझ्या दारात येऊन उभे राहिले.

मी त्यांना तिच्याकडे नेलं. ते उंबऱ्यावरच बसले, आत येईनात. टोपी काढून हातात धरली. म्हणाले, "पोरी, जाळी मी काढी. परत बसाडी नही. तुनी चूक नही, देवीनी बी नही. बठ्ठी चूक मनी शे." आणि म्हातारा हमसून हमसून रडायला लागला.

ती म्हणाली, "नाना, तुम्हीन तं पूजासाठेच काढी ना." त्यांना पाणी दिलं. डाव्या हातानं.

यंदाच्या खंडेनवमीला मी मुद्दाम मिलमध्ये गेले. जाळी पट्ट्यावर होती, नानांनी चारी बोल्ट आवळलेले. हार जाळीला बांधला होता, आखूड, दोरा कुठेही न लोंबणारा. नानांनी तिला बोलावून घेतलं होतं. कुंकवाची वाटी तिच्यापुढे धरली. एक बाई पुटपुटली, "डाव्या हातानं?" नाना गरजले, "हो, डाव्याच हातानं!" तिनं बोट बुडवलं आणि जाळीवर कुंकू लावलं. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, संपलं एकदाचं.

मग नाना खोबरं-साखरेचा प्रसाद वाटत आले. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, लहानपणापासूनची सवय. सगळ्यांनी हात पुढे केले, तिनंही सवयीनं तोच केला. नानांच्या समोर तिचा थोटा हात आला.

नानांचा साखरेचा हात अर्ध्यावरच थांबला. तिनं थोटा हात मागे घेतला, पदराखाली नेला, आणि दुसरा हात पुढे केला.