सबनीसकाकांचा डायल टोन

मॅच अगदी रंगात आली की बाकीची माणसं खुर्चीच्या कडेला सरकतात. सबनीसकाका मात्र उठायचे. कोपऱ्यातल्या तिपाईपाशी जायचे, फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायचे, क्षणभर डोळे मिटून ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. मग आमच्याकडे वळून सांगायचे, "आहे. डायल टोन आहे." येऊन बसायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा उठायचे. शेजारच्या फ्लॅटमधले चोप्राजी वैतागायचे. म्हणायचे, "सबनीस साब, मैच इधर हो रहा है, फोन में नहीं." काका त्यावर हसत नसत.

आम्ही तेव्हा दिल्लीत मयूर विहारमध्ये नुकतेच राहायला गेलो होतो. सोसायटीत काही बिऱ्हाडं दोन-तीन वर्षांपासूनची, पण काम अजून अर्धवट; जिन्यात चुन्याचा वास, आणि लिफ्टच्या जागी फळ्या ठोकून बंद केलेला नुसता खड्डा. मी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे मे-जून मोकळे. एका सकाळी विरजण मागायला खालच्या मजल्यावर गेले. दारावर मराठी आडनाव पाहून गेले, खोटं कशाला बोलू. दार उघडलं ते लुंगी-बनियनमधल्या एका उंच, सडपातळ म्हाताऱ्यानं. विरजण राहिलं बाजूला, त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्हाला बास्केटबॉल कळतो का? नसेल कळत तर नुसत्या बसा. काल तुमच्या जागी कुणी नव्हतं आणि आम्ही हरलो." मी बसले. निळे जिंकले. त्या दिवसापासून त्या वेताच्या खुर्चीवर माझं नाव लागलं, आणि मला ताप आला तरी सुटका नव्हती.

निळे म्हणजे अमेरिकेतली एक टीम. काकांचा मुलगा श्रीकांत ज्या शहरात नोकरीला होता, त्या शहराची. तिथली रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे केबलवर मॅच लागायची ती आपल्या दुधाच्या आणि पेपरच्या वेळी. काका मूळचे सांगलीकडचे, लहानपणी कुस्त्यांच्या मैदानात वाढलेले. एका मंत्रालयात जन्म काढून निवृत्त झाले, पण अक्कल तालमीतलीच राहिली असं ते स्वतःच सांगत. खेळाडूंची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्यांनी घरची नावं ठेवली होती. निळ्यांचा सर्वांत उंच गडी म्हणजे खांब. बॉल वाटत फिरणारा म्हणजे पोस्टमन. आणि ज्याच्या नावानं सगळी अमेरिका वेडी झाली होती, तो म्हणजे जावईबापू. "त्याला सगळं हातात आणून द्यावं लागतं," काका म्हणायचे, "आणि पाट मांडला नाही तर रुसतो. पण करायचं काय, घराची शोभा त्याच्यावरच."

मॅचच्या आधी काका स्वयंपाकघरातून मिसळणाचा डबा आणायचे. तो त्यांच्या बायकोचा, निर्मलाकाकूंचा, पितळेचा. त्यातल्या पाच वाट्या बाहेर काढून टेबलावर मांडायच्या, त्या आपल्या. समोर पाच बटाटे, ते दुसऱ्या टीमचे. हळदीची वाटी म्हणजे खांब, मोहरी म्हणजे पोस्टमन, तिखट अर्थातच जावईबापू. मग कुणाला कुणासमोर उभं करायचं याचा खल सुरू व्हायचा. "मास्तरीणबाई, स्कोअर कारकुनानं लिहायचा. आपण जोड बघायची. जोड चुकली की हत्तीसारखा गडीसुद्धा चीत होतो." चोप्राजी मुद्दाम विरुद्ध बाजू घ्यायचे. त्यांचा गाझियाबादला पंख्यांच्या सुट्या भागांचा कारखाना होता, आणि ज्याचा माल खपतो तो चांगला, या हिशोबानं ते नेहमी जिंकणाऱ्या टीमकडे असायचे. ते एक बटाटा पुढे सरकवून म्हणायचे, इसको कौन रोकेगा? काका हळदीची वाटी पुढे करायचे, मग शंका येऊन मागे घ्यायचे, मग मोहरीची करायचे. शेवटी तीन वाट्या एका बटाट्याभोवती जमायच्या आणि बाकीचे बटाटे मोकळे सुटायचे. काकांच्या कपाळावर घाम यायचा. भाजीला बटाटे कमी पडले तर आमच्याकडून मागून न्यायचे, पण ते पाच कुणाला चिरू द्यायचे नाहीत.

मला आधी सगळी गंमतच वाटायची. एका खेळासाठी हा माणूस इतका का कासावीस होतो, हे चोप्राजींनी जिन्यात उभं राहून सांगितलं तेव्हा कळलं. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या त्या जानेवारीत. श्रीकांत निघाला होता, पण दिल्लीवर धुकं उतरलेलं. विमान मुंबईला वळवलं. तो घरी पोचला तेव्हा सगळं उरकून माणसं घाटावरून परतली होती. काकांनी दारातच, चार लोकांसमोर, त्याला विचारलं, "आता कशाला आलास?" पोरगा तेरावं करून गेला. बापाशी अक्षर बोलला नाही, आणि बापानंही त्याला बोलतं केलं नाही.

पुढचं काकांनी स्वतः सांगितलं. वर्ष तसंच कोरडं गेलं. मग एका सकाळी श्रीकांतचा फोन आला. तब्येत बरी आहे, हो, बरी आहे, आणि पुढे दोघंही गप्प. काकांनी तेव्हा नवीनच केबल घेतली होती आणि टीव्ही चालूच होता. श्रीकांतनं पलीकडून विचारलं, बाबा, बास्केटबॉल बघताय? शाळेत असताना तो खेळायचा, आणि बारावीच्या वर्षी काकांनीच ते बंद केलं होतं. काकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते म्हणाले, हो, बघतोय ना, हे निळे तुझ्याच गावचे का रे? आणि पोरगा बोलायला लागला. त्या दिवसापासून निळ्यांची मॅच संपली की फोन यायचा. कोण कसा खेळला, पुढे कोण समोर येणार, एवढंच बोलायचे. काकूंचं नाव नाही, त्या दाराचं नाव नाही. पण बोलायचे.

"आणि टीम बाहेर गेली की?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत गेली. त्यानंतर हिवाळ्यापर्यंत फोन नाही," काका म्हणाले. "हरल्यावर तो करत नाही. काय बोलणार?"

तेव्हा मला त्या डायल टोनचा उलगडा झाला. आणि खरं सांगते, त्यानंतर माझी झोप उडाली. निळे हरले तर या माणसाचं घर सहा महिने मुकं होणार होतं. मी जन्मात कधी बॉल हातात न धरलेली बाई, भाजी निवडताना सुद्धा खांबाच्या दुखऱ्या गुडघ्याचा विचार करायला लागले. नवरा म्हणाला, तुला झालंय काय? आमच्याकडे केबल नव्हती ती मुलांचा अभ्यास बिघडेल म्हणून. बिघडली ती त्यांची आई.

त्या वर्षी निळे एकेक फेरी काढत पुढे गेले. मग गाठ पडली लालांशी. सात मॅच, त्यातल्या चार जो आधी जिंकेल तो पुढे. तीन यांनी घेतल्या, तीन त्यांनी. सातवीवर सगळं येऊन ठेपलं. काकांचं जेवण सुटलं. सोसायटीत रोज लाईट जात होती, म्हणून त्यांनी इन्व्हर्टर बसवून घेतला. बॅटरीला हळदकुंकू लावलं, वर नारळ ठेवला. रविवारी दोनदा लाईट गेली, दोन्ही वेळा टीव्ही चालू राहिला. काका जिना चढून सांगायला आले, "बिल्कुल काळजी नाही आता, मास्तरीणबाई. सगळ्या मयूर विहारची गेली तरी आपली जात नाही."

सातव्या मॅचच्या सकाळी आम्ही आपापल्या जागी बसलो. वाट्या मांडल्या, बटाटे मांडले. मॅच सुरू झाली, जावईबापूंनी दोन बॉल टाकले, आणि लाईट गेली. इन्व्हर्टर गुरगुरला, टीव्ही क्षणात परत आला. काकांनी विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहिलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. आमचा टीव्ही चालू होता हो, पण केबलवाल्याची यंत्रणा पलीकडच्या ब्लॉकमधल्या खांबावर, आणि तिथे कुठला इन्व्हर्टर? चोप्राजी पायजम्यावरच पळाले. परत येऊन म्हणाले, त्याच्या अख्ख्या गल्लीत लाईट नाही, ट्रान्सफॉर्मर जळलाय. संध्याकाळी रिपीट दाखवतील तेव्हा बघा.

काका मुंग्यांकडे बघत बसून राहिले. अधूनमधून फक्त तिपाईपाशी जाऊन यायचे. मॅच संपायची वेळ झाली, टळली. चोप्राजी कारखान्यात जायला निघाले, तर काकांनी त्यांना बजावलं की कुठे कळलं तरी संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही. मीही उठणार, तेवढ्यात फोन वाजला.

काकांनी रिसीव्हर उचलला आणि घाईघाईनं म्हणाले, "थांब, थांब. स्कोअर सांगू नकोस. केबल गेलीय आमची. संध्याकाळी बघणार."

आणि मग काहीच नाही. ना इकडून, ना तिकडून. एवढे दिवस त्यांच्या मध्ये तो बॉल होता, आज तोही नव्हता. मला वाटलं, आता हे "ठेवू मग?" म्हणणार आणि संपणार. काकांचा एक हात फोनवर, दुसरा टेबलावरच्या वाट्या उगाच फिरवत होता.

"जेवलास?" शेवटी ते म्हणाले.

तिकडून काहीतरी उत्तर आलं. काका ऐकत राहिले, मग त्यांची मान हलायला लागली. त्यानं आमटी केली होती म्हणे, पण आईसारखी होत नाही, कधीच होत नाही. काकांनी समोर पाहिलं. हळद, मोहरी, तिखट, जिरं, मेथी. सगळी टीम पुढ्यातच होती.

"मेथी घालतोस का?" काकांनी विचारलं. "घाल. चारच दाणे. मोहरी तडतडली की मग, आधी नाही, कडू होते. ती असंच करायची. मलाही ती गेल्यावरच जमलं, करपवून करपवून." मग ते भिंतीकडे वळले. "श्री, त्या दिवशी दारात मी बोललो ते चुकलं माझं. धुक्याला तू काय करणार होतास? ती शेवटपर्यंत विचारत होती, निघाला का म्हणून. मी सांगितलं, निघालाय. ते ऐकूनच गेली."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडला. तरी काकांचा आवाज ऐकू येत होता. "रडू नकोस. हो रे, मीही नाही रडत. उशीर झालाय तिकडे, झोप आता."

ते आत आले तेव्हा चेहरा धुवून काढल्यासारखा दिसत होता. मला म्हणाले, "मास्तरीणबाई, जिंकलो आपण. हरल्यावर तो फोन करत नाही. संध्याकाळी शिरा करतो."

संध्याकाळी शिरा झाला. आम्ही निवांत बसलो, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. चोप्राजी कधी नव्हे ते गप्प होते, आणि त्यांनी एकही बटाटा पुढे सरकवला नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं. निळे मागे पडले तरी काका हसत होते. येतील वर, येतील, म्हणत होते. शेवटच्या मिनिटाला जावईबापूंनी बॉल टाकला, तो कडीवर आपटून बाहेर गेला, आणि लाल कपड्यांतली माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागली. काका पडद्याकडे बघत राहिले. त्यांना वाटत होतं अजून काहीतरी बाकी असणार.

चोप्राजी हळूच म्हणाले, "खतम, सबनीस साब."

"म्हणजे सकाळी त्याला माहीत होतं," काका म्हणाले. "हरलो होतो आपण. हरलो होतो, तरी केला त्यानं फोन."

त्यांनी टीव्ही बंद केला. एकेक वाटी उचलून काकूंच्या डब्यात जागच्या जागी ठेवली. मग पायात चपला घालून निघाले. त्यांच्या फोनवरून परदेशी नंबर लागत नसे, आणि लागला असता तरी फोन मुलानं करायचा, बापानं नाही, असा त्यांचा बाणा. आम्ही दोघं त्यांच्या मागोमाग मार्केटमधल्या एसटीडी बूथपर्यंत गेलो. नंबर त्यांना पाठ होता. काचेच्या केबिनचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून मी बाहेरून धरून उभी राहिले.

काकांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते गेले तेव्हा श्रीकांत पंधरा दिवस त्यांच्या उशाशी होता, आणि आमटी तोच करत होता. पण मला काका आठवतात ते त्या काचेच्या केबिनमध्ये, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेले.

"अरे, मी बोलतोय," ते म्हणाले. "हो, पाहिली आत्ताच. नाही, त्यासाठी नाही केला." मग म्हणाले, "काही नाही रे. सहज केला."