दुपारची हजेरी

एका टेबलाभोवती वर्षानुवर्षं डबे उघडले की किस्से आपोआप साचतात. कोणी मुद्दाम सांभाळून ठेवत नाही, तरी एकही हरवत नाही. तेलंगणातल्या तलमडुगु मंडलातल्या आमच्या मराठी शाळेच्या स्टाफरूममध्येही असेच ढीगभर साचलेत. यंदाचे मात्र सगळे एकाच माणसाचे आहेत, वाघमारे सरांचे आणि त्यांच्या दुखण्याचे. ते घडत होते तेव्हा आम्ही हसत होतो आणि हसता हसता घाबरतही होतो. माझं तर विचारूच नका, मला दुसऱ्याला दिलेलं इंजेक्शन पाहूनही घाम फुटतो!

वाघमारे सर विज्ञान शिकवतात, मी गणित. कापूस वेचणीच्या दिवसांत आमची पोरं शाळेतलं जेवण जेवतात आणि मागच्या कुंपणातून थेट शेतात पसार होतात. म्हणून सर जेवणानंतर पुन्हा एकदा हजेरी घेतात. आम्ही चिडवायचो, तर म्हणायचे, "सकाळी तं कोणीबी हाजर राह्यते. जेवल्यावर जो दिसला, तो खरा हाजर!"

पोरंही वस्ताद. पळालेल्याच्या नावावर दुसराच कोणी आवाज बदलून ओरडतो. एकदा सर फळ्यावर बेडूक काढत होते, वर्गाकडे पाठ. मॉनिटरनं "संतोष" म्हटलं, मागून "हाजर सर!" आलं. सर बेडकाचा पाय काढता काढता म्हणाले, "हा संतोष नोहे. गज्या होय. संतोष गेला कापसात. गज्या, उभा राह्य!"

गजानन मान खाली घालून उभा राहिला. सरांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

* * *

दिवाळीच्या आधी सरांना पोटात उजवीकडे जड वाटायला लागलं. आदिलाबादला सोनोग्राफी झाली, मग हैदराबादला स्कॅन. लिव्हरमध्ये गाठी निघाल्या. बहुतेक उजव्या बाजूला, मोठ्या, आणि दुखणं बरंच पुढे गेलेलं.

आता लिव्हर म्हटलं की गावाला एकच कारण माहीत. आणि आमच्या सरांनी जन्मात ताडीचा थेंब घेतलेला नाही! एका संध्याकाळी त्यांच्या घरी नामदेवराव आले. हे गावातले जुने, नामांकित पिणारे. खुर्ची सरांच्या जवळ ओढून बसले. डोळे भरून आले होते. म्हणाले, "सर, इतके वर्सं घेऊन राह्यले, अन् आमाले कदी संगतीले बोलावलं नाही?"

सरांच्या पत्नी, सुजातावहिनी, कितीतरी दिवसांनी हसल्या. मग आत गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

* * *

हैदराबादच्या दवाखान्यात सरांसोबत मी आणि आमचे हेडमास्तर नरसय्या सार गेलो. नरसय्या सार घरी तेलुगू बोलतात, म्हणून ते 'सर' नाहीत, 'सार'; आमच्याशी हिंदी. सर्जन तरुण होता आणि समजावून सांगणारा होता. त्यानं सांगितलं ते असं: रोगट बाजू एकदम कापून काढली, तर उरलेलं लिव्हर इतकं लहान आहे की त्यावर माणूस जगणार नाही. म्हणून ऑपरेशन दोन टप्प्यांत करायचं. आधी पोटाला लहान छिद्रं पाडून, दुर्बिणीनं बघत, रोगट बाजूला रक्त नेणारी मोठी शीर बांधून टाकायची. मग ते रक्त चांगल्या बाजूकडे वळतं आणि ती बाजू वाढायला लागते. काही आठवड्यांनी स्कॅन. पुरेशी वाढली असेल, तर पुन्हा तसंच दुर्बिणीनं दुसरं ऑपरेशन करून रोगट भाग बाहेर!

"और नहीं बढ़ा तो?" नरसय्या सारांनी विचारलं.

"तो दूसरा ऑपरेशन नहीं कर सकते."

मी खुर्ची मागे सरकवली. नरसय्या सार उगाच चष्मा पुसायला लागले. वाघमारे सर मात्र माझ्याकडे वळले. "तुमी काऊन घाबरून राह्यले? मले समजलं सारं. आधी सकाळची हजेरी, मंग दुपारची!"

डॉक्टरनं विचारलं, "सर क्या बोल रहे हैं?"



* * *

आमच्या शाळेत जेवण बनवतात त्या जनाबाई. त्यांनी कोणालाही न विचारता मारोतीला नवस बोलला होता: सर ऑपरेशन होऊन घरी आले, की साऱ्या शाळेला पुरणपोळी. पहिलं ऑपरेशन झालं, सर घरी आले, आणि जनाबाईंनी त्याच आठवड्यात नवस फेडला. पोरांनी पोळ्यांवर ताव मारला. आम्हीही मारला!

मग जनाबाई सरांना भेटायला गेल्या. "टाके दाखवा," म्हणाल्या. सरांनी सदरा वर केला. पोटावर बोटाच्या पेराएवढ्या खुणा.

"एवढ्याशातून गाठी कशा काढल्या?"

"काढल्या नाही अजून."

"मंग गेलते कायले?"

"हे अर्धं झालं, जनाबाई. खरं ऑपरेशन पुढं हाये."

जनाबाई मटकन खाली बसल्या. "अन् मी तं नवस फेडून बसली! पोरं पोया खाऊन गेले!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मारोतीपुढे उभ्या राहिल्या आणि चुकलं ते दुरुस्त करून, दुसऱ्या ऑपरेशनसाठी नवा नवस बोलून आल्या. सरांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "जनाबाई, मी बुद्धाले मानणारा माणूस. तुमच्या मारोतीले मी कदी काही मागितलं नाही."

"तुमी नका मागू," जनाबाई म्हणाल्या. "मी मागून राह्यली ना!"

* * *

डॉक्टरनं गर्दीत जायला मनाई केली होती, म्हणून सर घरीच. घरी बसून त्यांना एकच घोर. लिव्हरचा म्हणाल तर नाही! "तुमी लोकं दुपारची हजेरी घेत नसान," असं रोज फोनवर. शेवटी नरसय्या सारांनी स्वतः हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि ती मोबाईलवर रेकॉर्ड करून सरांना व्हॉट्सॲपवर पाठवायला लागले. त्यांना पोरांचे आवाज कुठले ओळखू येणार! ते सगळ्यांनाच हाजर धरायचे. पाच मिनिटांत सरांचं उत्तर यायचं: अमक्याच्या जागी तमका बोलला, उभा करा त्याला.

मग स्कॅनचा दिवस आला. या वेळी सरांसोबत वहिनी गेल्या, त्यांनीच फोनवर कळवलं. डॉक्टर म्हणाला, "बढ़ा है, लेकिन कम है. थोड़ा और रुकते हैं."

त्या दुपारीही हजेरी पाठवली. सरांनी ती ऐकल्याचं मोबाईलवर दिसत होतं, उत्तर मात्र आलं नाही. नरसय्या सार पुन्हा पुन्हा मोबाईल बघत होते. जनाबाईंनी आम्हाला चहा आणून दिला, तो तसाच राहिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, सर जातात की काय. हे मी कोणाला बोललो नाही, पण स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या मनात तेच होतं.

पुढच्या स्कॅननंतर डॉक्टर म्हणाला, "अब हो जाएगा." आम्हाला आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली. कारण आता ते खरोखरच होणार होतं.

* * *

दुसरं ऑपरेशन सकाळी सुरू झालं, ते संध्याकाळी संपलं. वहिनी आणि मी बाकावर बसून होतो. डॉक्टर बाहेर आला. "निकाल दिया. अब जो बचा है, वो काम संभाल ले, बस."

पण दुसऱ्या दिवशी सर नीट जागे होईनात. औषधाची गुंगी उतरायला हवी होती, तरी डोळे मिटलेलेच. डॉक्टर येऊन बघून जायचा, आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा आधीपेक्षा गंभीर दिसायचा. दुपारी सिस्टरनं आम्हा दोघांना आत घेतलं. "बात करते रहो इनसे," म्हणाली.

वहिनींनी हाका मारल्या. "अहो! आयकून राह्यले ना?" काही नाही. मी हाक मारली. काही नाही. वहिनींनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात माझ्या खिशात मोबाईल थरथरला. सरांचा फोन बंद, म्हणून नरसय्या सारांनी नेहमीप्रमाणे दुपारची हजेरी मला पाठवली होती. काय करावं सुचत नव्हतं, म्हणून तीच लावली आणि मोबाईल सरांच्या कानाशी धरला.

नरसय्या सार एकेक नाव घेत होते. पोरं ओरडत होती. सरांचा चेहरा जसाच्या तसा. सिस्टर सलाईन बघत होती.

"संतोष."

"हाजर सर!"

सरांचे ओठ हलले. वहिनी वाकल्या. मीही वाकलो.

डोळे मिटलेलेच होते. आवाज अगदी बारीक.

"हा संतोष नोहे... गज्या होय. उभा करा त्याले."